शाहू महाराजांचा खंड्या

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं जातिवंत कुत्र्याचें पिल्लू घरीं आणलें असेल, त्यांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असेल: मोल एकदांच मोजावें लागतें, पोसणें मात्र रोजचें असतें. विकणाऱ्याशीं घासाघीस करणारा गृहस्थ पुढील दहाबारा वर्षांचें दूध, मांस आणि औषध यांचा हिशेब क्वचितच करतो. स्वतःच्या लोभाचा तर कधींच करीत नाहीं. हें शेवटचें कलम सर्वांत अनावर. मराठ्यांच्या इतिहासांत त्याचा दाखला एका छत्रपतींनींच घालून दिला आहे.

रायगड पडल्यापासून, म्हणजे 1689 पासून, मोगलांच्या छावणींत वाढलेले शाहू महाराज 1707 मध्यें सुटले आणि नर्मदा उतरून खानदेशांत आले. लांबकानीस त्यांचा मुक्काम झाला. 1708 च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. राज्याचा व्याप पुढें पेशव्यांनीं उचलला, आणि महाराजांना शिकारीचा, पक्ष्यांचा व कुत्र्यांचा नाद जपावयास सवड मिळाली.

या कुत्र्यांत खंड्या फार लाडका. शिकारींत वाघ अंगावर आला असतां त्यानें धन्याचा जीव वांचविला, अशी हकीकत आहे. ग्रँट डफ आपल्या 1826 सालच्या इतिहासांत सांगतो कीं, महाराजांनीं त्या कुत्र्यास रीतसर सनदा करून जहागीर आणि पालखीचा मान दिला. हा मान नुसता कागदावर राहिला नाहीं. पालखीचा सरंजाम खरोखर चालविण्यांत आला.

आतां पालखी म्हटली कीं भोई आले, आणि तेही पाळी बदलण्यापुरते अधिक. गादी-तक्के आले, आच्छादनाचें कापड आलें, रात्रीं दिवटी व तिचें तेल आलें. कुत्रा बाहेर पडो वा न पडो, भोयांचीं पोटें भरलींच पाहिजेत! जहागिरीचा वसूल म्हणजे तरी काय? अखेर कोणा कुणब्याच्या खळ्यांतलें धान्य. आपल्या गांवाचा जहागीरदार चार पायांचा आहे, हें कळल्यावर त्या कुणब्यास काय वाटलें असेल, हें विचारण्याची रीत बखरींत नाहीं.

महाराजांच्या या लहरींत थोडा मिस्किलपणाही होता. भर दरबारांत त्यांनीं एकदां कुत्र्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, आणि पुढें स्वतः कधीं शिरोवेष्टन धारण केलें नाहीं, असें डफच लिहितो. दरबारांतल्या कांहीं नटव्या सरदारांना यांतला टोला कळला असावा.

जातिवंत शिकारी कुत्र्यांची वेल बहुधा अशा राजाश्रयावरच वाढली. मुधोळच्या घोरपड्यांनीं जोपासलेल्या सडपातळ, लांबट तोंडाच्या कुत्र्याचें चित्र 2005 मध्यें टपालाच्या तिकिटावर आलें. तें पिल्लू आज सामान्य गृहस्थही घेतो. भोई मात्र त्याला स्वतःच व्हावें लागतें.

खंड्याची पालखी केव्हांच थांबली. संगम माहुलीस कृष्णाकांठीं त्याची समाधि आहे, आणि तिच्यावर दगडाचा कुत्रा बसला आहे.