मग तू दिवसभर काय करतीस?

मे 1973. पिंगळीच्या स्टेशनावर उतरतेस तेव्हा आधी कोळशाचा वास येतो. रूळ मीटरगेजचे, इंजिन वाफेचं. गाडी पूर्णेकडे निघून जाते आणि फलाटावर तू एकटीच उरतेस. वय पंचेचाळीस. तू 2025 सालातून आली आहेस. पर्समधला मोबाईल इथं कामाचा नाही.

गावाच्या वाटेला लाग. काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा आहेत. आड कोरडे, दावणी रिकाम्या. पावसानं दगा दिला, त्यामुळे अख्खा मराठवाडा दुष्काळी कामावर आहे. रस्त्याच्या कडेला बाया खडी फोडत बसल्यात. त्यांच्यातली हनुवटीवर गोंदण असलेली तुझी आजेसासू. घरात तिचा एकच फोटो आहे, म्हणून तू तिला ओळखतेस. ती त्रेचाळीस वर्षांची आहे. तुझ्याहून लहान. पण केस पिकलेत आणि पुढचे दात पडलेत. बाभळीच्या सावलीत तिचं शेवटचं लेकरू आणि पहिला नातू शेजारी शेजारी झोपलेत.

दुपारी सुकडी वाटतात. ती चिमूटभर तोंडात टाकते, उरलेली पदराला बांधते. तुझ्याकडे बघून विचारते, "कुन्या घरची गं माय तू?"

"इथलीच."

"लेकरं किती?"

"दोन. शिकायला गेलीत."

"दोन्ही गेली? मंग तू दिसभर काय करतीस?"

टोमणा नाही हा. तिला खरंच कळत नाही. चाळिशीतल्या बाईची ओंजळ रिकामी असू शकते, हे तिनं कधी पाहिलेलंच नाही. 1970 ते 75 या काळात देशातलं सरासरी आयुर्मान 50 च्या आसपास होतं. त्या आकड्यात बाळपणीच गेलेली लेकरं फार आहेत, आणि तिची स्वतःचीही त्यात आहेत. पाळणा हलता असतानाच ती सासू झाली, आजी झाली. मधलं वय तिच्या वाट्याला आलंच नाही. तिकडे परभणीत कृषी विद्यापीठ सुरू होऊन एकच वर्ष झालंय. त्यात आपली पणती शिकेल, हे तिला कोण सांगणार?

आता तीस वर्षं पुढे ये. 2003. तेच घर, तेच अंगण. तेवीस वर्षांची तू आत झोपली आहेस, वर्षाची लेक कुशीत आहे. त्या तुला हाक मारू नकोस. ओट्यावर बघ. रात्रीचे दोन वाजलेत आणि तुझी सासू पदरानं वारा घेत बसली आहे. ती आज पंचेचाळीसची आहे. सोळाव्या वर्षी ती या घरात आली. तेव्हा कायद्यातच मुलीच्या लग्नाचं वय 15 होतं. ते 18 झालं 1978 मध्ये. आता तिला अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, भरल्या घरात रडू येतं. तरी उजाडलं की ती कापसाच्या निंदणीला जाईल. आपल्याकडे बाईची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षं शरीर असं ढवळून निघतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिनंही कुणाला विचारलं नाही. तिच्याजवळ जाऊन बस. तांब्याभर पाणी दे. आज तिच्या शेजारी तुझ्याइतकं समजून बसणारी दुसरी बाई घरात नाही.

परत ये. 2025. लेक परभणीला त्याच कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात आहे. मुलगा नांदेड-पनवेल गाडीनं पुण्याला गेलाय. सकाळी तू चौघांचं पीठ काढतेस आणि अर्धं परत डब्यात टाकतेस. छातीत काहीतरी हलतं. ते हलू दे. वीस वर्षं ज्यांच्या वेळेवर तुझा दिवस उगवला, ती लेकरं दूर गेल्यावर दुखणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण दुखणं एवढंच खरं नाही. तुझ्या वयाच्या बाईपुढे आज साधारण तीस वर्षं उभी आहेत. तुझं लग्न झालं तेव्हापासून आजपर्यंत गेली, त्याहूनही जास्त. आजेसासूला ही वर्षं मिळाली नाहीत. सासूला मिळाली, पण ती वापरायची कशी हे कुणी दाखवलं नाही. तुझ्या हाती ती आली आहेत, आणि आजेसासूच्या प्रश्नाचं उत्तर आता तुला द्यायचं आहे.

एकदा पुढेही जाऊन ये. 2047. तुझी लेक पंचेचाळीसची झाली आहे. तीही अशीच मागे येईल, या अंगणात उभी राहील आणि आपल्या आईला शोधेल. तिला तू फोनची वाट बघत बसलेली दिसशील, की दुसरं काही करताना?

म्हणून बाई, दोन कामं कर. या आठवड्यात आरोग्य केंद्रात जा. तिशीपुढच्या सगळ्यांच्या रक्तदाबाची, साखरेची, आणि बाईच्या स्तनाची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी योजनेतच होते. तिथं पाळीबद्दल मोकळेपणानं बोल, आणि जाताना सासूलाही ने. दुसरं, नववीला सुटलेली शाळा आठव. दहावीला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म असतो. पुढे शिकावंसं वाटलं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून तुझ्यासारख्यांसाठीच उभं आहे. शिकायचं नसेल, तर जे मनात आहे ते कर, पण ते तुझं असू दे. लेकरांना वाढवण्याचं काम तू चोख केलंस. आता फॉर्म भर.