खाटेचा परवाना

दारू-शिंदीसाठी निजाम सरकारने 1316 फसलीत, म्हणजे 1906-07 च्या सुमारास, हैदराबाद अबकारी कायदा केला. गाळायची कुणी, विकायची कुणी, सरकारात भरायचं किती, सगळं ठरलं. पिणारा पिऊन मोडला तर त्याला ठेवायचं कुठे आणि त्या जागेवर लक्ष कुणी ठेवायचं, हे मात्र त्यानंतर कितीतरी दशकं कुणाच्या खात्यात नव्हतं.

हैदराबादेत चिक्कडपल्लीहून मुशीराबादकडे निघालं की गांधी हॉस्पिटल लागतं. 2003 साली ते इथे आलं. त्याआधी त्या जागेवर मुशीराबादचा तुरुंग होता. व्यसनी माणसाचा प्रवासही आपल्याकडे साधारण याच क्रमाने झाला. आधी कोठडी, मग वेड्यांचं इस्पितळ, आणि फार उशिरा व्यसनमुक्ती केंद्र. संस्थानाचं मनोरुग्णालय बराच काळ आपल्या जालन्याला होतं, 1953 साली ते हैदराबादेत एर्रागड्ड्याला हललं. पुणेकर ज्या सुरात ‘येरवडा’ म्हणतात त्याच सुरात इथली माणसं ‘एर्रागड्डा’ म्हणतात. नवरा रोज पितो म्हणून कुठली बाई त्याला तिथे नेणार?

1980 च्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली आणि सरकारलाही बघावं लागलं. 14 नोव्हेंबर 1985 पासून अमली पदार्थांचा कायदा लागू झाला. त्याचं कलम 71 म्हणतं की सरकारला योग्य वाटतील तितकी केंद्रं सरकार काढू शकेल. ‘काढू शकेल’, काढेलच असं नाही. दुसऱ्या कुणी काढलेल्या केंद्राला मान्यता देण्याची सोय त्या कलमात नव्हती; ती 2014 च्या दुरुस्तीने आली.

माणसं अर्थातच थांबली नव्हती. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर ज्यो परेरांनी 1981 सालीच ‘कृपा’ सुरू केली होती. पुण्यात अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे पुढे केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. सुनंदा अवचटांचं ‘मुक्तांगण’ येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे नव्याने आलेल्यांची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचे हाल, काढायला रात्री उशाशी बसू लागले. परवान्याच्या अर्जात असल्या माणसासाठी रकाना नसतो. तो डॉक्टर नाही, नर्स नाही, आणि त्याच्यावाचून केंद्र चालत नाही.

1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 पासून अमलात आला. त्याने खासगी मनोरुग्णालयांना परवाना सक्तीचा केला आणि व्यसनींसाठी वेगळी रुग्णालयं काढता येतील असंही म्हटलं. कागद तयार होता. तो कुणी हातात घेत नव्हतं. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तामिळनाडूत एरवाडीच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीला बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळाले, बळी 28. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, तेव्हा कुठे राज्यं अशी घरं मोजायला निघाली. मेलेले व्यसनी नव्हते हे खरं. पण घरच्यांनी आणून सोडायचं आणि बाहेरून कुलूप लागायचं, हा साचा दोन्हीकडे एकच होता.

आज अंमल आहे तो 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा. त्यात दारू-ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणून अशा रुग्णाला ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. साखळीला बंदी. बिगरनोंदणी चालवलं तर पहिल्या वेळी दंड 5,000 ते 50,000 रुपये. खाटा भरलेल्या मालकाला तो झेपतो. अनुदान मात्र सामाजिक न्याय खातं देतं, त्याचे निकष वेगळे. दोन खात्यांच्या मधल्या बोळात पाटी लावून बसणं अवघड नाही.

बाटलीचं खातं या सगळ्यात कुठे असतं? 2015 च्या सप्टेंबरात तेलंगणात भेसळीच्या ताडीवर धाडी पडल्या. त्या ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळत. पुरवठा एकदम तुटला आणि थरथरती, भ्रमात बडबडणारी माणसं एर्रागड्ड्याच्या दारात येऊ लागली. अबकारीच्या धाडीला खाटा विचारून निघायची सवय नाही.

याच 2017 च्या कायद्यात एक सूट आहे: रुग्ण नातेवाइकांबरोबर किंवा मित्रांबरोबर राहतो ते कौटुंबिक घर नोंदणी लागणाऱ्या आस्थापनेत मोडत नाही. अमेरिकेत 1975 पासून ‘ऑक्सफर्ड हाउस’ नावाची घरं आहेत. दारू सुटलेली माणसं एकत्र भाडं भरतात, स्वयंपाक करतात, पिणाऱ्याला बाहेर काढतात. तिथल्या एडमंड्स शहराने एकाच घरात नातं नसलेली पाचपेक्षा जास्त माणसं राहण्याला हरकत घेतली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1995 साली शहर हरलं. चिक्कडपल्लीत चार सोबर माणसांनी फ्लॅट घेतला तर घरमालक त्यांना बॅचलर म्हणेल, कायद्याने मित्र म्हणायला हरकत नसावी. फी घेणारा व्यवस्थापक आला की नोंदणी हवीच. पण तपासणीला येणाऱ्याने खाटा मोजण्याआधी कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहावं, असं मला वाटतं. स्वतःहून दाखल झालेल्याला मागेल तेव्हा घरी जाता येतं, फार तर 24 तास थांबवता येतं, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.