फॅमिन, स्कॅर्सिटी, ड्राउट: तीन शब्द आणि आपला दुष्काळ

शाळेत इंग्रजीच्या पेपरात समानार्थी शब्द विचारायचे. फॅमिन, स्कॅर्सिटी, ड्राउट. तिन्हींपुढे 'दुष्काळ' लिहिलं तरी मार्क मिळायचे. पण या तीन शब्दांतल्या फरकावर आपल्या आजोबा-पणजोबांची पोटं अवलंबून होती. आणि आजही त्यावर तुमच्या मुलाची परीक्षा फी माफ होते की नाही ते ठरतं. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

आधी शब्दांकडे बघू. ड्राउट म्हणजे मुळात कोरडेपणा. आपलं अवर्षण. यात दोष आभाळाचा. स्कॅर्सिटी म्हणजे तुटवडा, टंचाई. यात दोष कुणाचाच नाही, वस्तू कमी आहे एवढंच. फॅमिनच्या मुळाशी मात्र भुकेसाठीचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे माणसं उपाशी मरतायत. आणि माणसं मरतायत म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, मग सरकार काय करतंय?

आपल्याकडेही असे वेगळे शब्द होते. अवर्षण म्हणजे पाऊस नाही, दुर्भिक्ष म्हणजे भीक मिळणंही कठीण. पण बोलण्यात आपण सगळं एका 'दुष्काळा'त बांधलं. वाईट काळ, बस्स. इंग्रज सरकारने मात्र हे शब्द वेगवेगळे ठेवले, कारण प्रत्येक शब्दामागे तिजोरीचा हिशोब होता.

1876 ते 78 चा दुष्काळ मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि आपल्या मुंबई इलाख्यावर कोसळला. लाखो माणसं मेली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली: दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि काम माती-दगडाचं. आपल्या इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडून संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी लावून धरली.

एवढी माणसं गेल्यावर 1878 मध्ये फॅमिन कमिशन नेमलं गेलं. 1880 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळ संहिता जन्माला आली. तिची रीत अशी: धान्याचे भाव चढले, लोक गाव सोडून भटकायला लागले, की अधिकाऱ्याने आधी चाचणीची कामं काढायची. कष्ट जास्त, मजुरी कमी. तरीही लोक झुंडीने आले, तर भूक खरी समजायची. मग फॅमिन जाहीर करायचं. एकदा ते जाहीर झालं की मोठी कामं काढणं, म्हाताऱ्या-अपंगांना फुकट मदत देणं, सारा तहकूब किंवा माफ करणं, हे सगळं सरकारवर आलं. त्याच्या अलीकडची पायरी स्कॅर्सिटी. तिथे बांधीलकीही कमी.

1896 च्या दुष्काळात टिळकांनी हेच नेमकं हेरलं. या संहितेप्रमाणे रयतेला काय मिळायला हवं ते 'केसरी'तून मराठीत समजावून सांगितलं. सार्वजनिक सभेचे लोक गावोगाव फिरले. सरकारला ते इतकं झोंबलं की 1897 मध्ये त्यांनी सभेची मान्यताच काढून घेतली. मदत मागणं चालत होतं, पण हक्क म्हणून मागितलेलं चाललं नाही.

या शब्दखेळाचं सगळ्यात भयंकर रूप दिसलं बंगालमध्ये, 1943 साली. तिथे अंदाजे 30 लाख माणसं गेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेतं पडत होती, ऑगस्टमध्ये 'स्टेट्समन'ने त्यांचे फोटो छापले. तरीही संहितेनुसार फॅमिन जाहीर झालंच नाही. प्रभारी गव्हर्नरने व्हाइसरॉयला कारण कळवलं, की संहितेत ठरवलेला शिधा द्यायला आमच्याकडे धान्यच नाही. म्हणजे भूक होती, मरण होतं, फक्त शब्द नव्हता. आणि तो शब्द उच्चारला असता तर शिधा द्यावा लागला असता.

आता महाराष्ट्रात येऊ. 1963 मध्ये आपल्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच वगळायचा आणि त्याजागी 'स्कॅर्सिटी' घालायचा. कारण असं दिलं, की शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, त्यामुळे तशी वेळ आता येणारच नाही. नऊच वर्षांनी 1972 आलं. कागदावर ती 'टंचाई' होती. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या माणसांना मात्र तो 'बहात्तरचा दुष्काळ'च होता, आणि आजही आहे.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शब्द नव्हता, तरी काम झालं. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. बंगालसारखे मुडदे पडले नाहीत. लोकांनी मोर्चे काढले, विरोधकांनी रेटलं, सरकारही हललं. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्यातलं मोठेपण माझ्या मते हे, की मजुराचा कामाचा हक्क त्यांनी या शब्दांच्या कचाट्यातून सोडवला. फॅमिन, स्कॅर्सिटी, ड्राउट काहीही म्हणा. माणसाने काम मागितलं की ते द्यायचं. साहेबाने कोणता शब्द वापरला याची वाट बघायची नाही.

बाकीच्या सवलतींचं तसं झालं नाही. त्या अजून शब्दालाच बांधलेल्या आहेत. 2015 मध्ये सरकारने हजारो गावांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर केली. सदृश म्हणजे दिसायला तसा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे 2016 मध्ये सरकारने आदेश काढला, की 'दुष्काळसदृश'च्या जागी 'दुष्काळ' असं वाचावं. त्याच वर्षी हवामान खात्याने आपल्या शब्दावलीतून 'ड्राउट' काढला आणि 'डेफिशियंट', म्हणजे तुटीचं वर्ष, असा शब्द आणला. 2023 मध्ये पुन्हा तेच: 40 तालुक्यांत 'दुष्काळ' आणि नंतर हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश'.

शब्द सौम्य करायला माझा विरोध नाही. हवामान खात्याने फक्त पाऊस मोजावा, शेती आणि भूक मोजणं हे दुसऱ्यांचं काम, हे म्हणणं बरोबरच आहे. माझा प्रश्न एवढाच, की शब्द सौम्य झाला तेव्हा जबाबदारी कोणाकडे गेली? 1943 मध्ये ती कोणाकडेच गेली नाही. 1972 मध्ये लोकांनी ती ओढून सरकारकडे आणली.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या तालुक्याचं नाव यादीत आलं की नुसतं नाव बघून खूश होऊ नका. जीआर उघडा. वर कोणता शब्द आहे ते बघा आणि खाली त्या शब्दाबरोबर काय मिळतंय ते वाचा. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषीपंपाच्या वीजबिलात सूट, परीक्षा शुल्क माफी, टँकर. एकेक सवलत घेऊन तलाठ्याला, बँकेला, कॉलेजला विचारा. शक्यतो लेखी.

आणि घरात बहात्तर बघितलेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ जरा बसा. कोणत्या कामावर होते, मजुरी किती मिळायची, काय खाल्लं, ते खाली लिहा. आपल्या भागातली ही माहिती एकत्र करायची आहे. ती माणसं आता थोडीच राहिलीत.