धर्मादाय निधी : रुग्णाच्या बिलापलीकडचे काम

मालवणच्या किनाऱ्यावर गंभीर आजाराचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘बांबोळी, कोल्हापूर की मुंबई?’ असा. मालवणहून गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या घरात, तर मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजार ६५१ होती. मात्र जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोस येथे सुरू झाले ते २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात. तोवर विशेषोपचारासाठी जिल्ह्याबाहेर जाणे हाच बहुतेकांचा मार्ग होता आणि अनेक आजारांसाठी तो आजही आहे.

या प्रवासात रुग्णाच्या मदतीला सरकारी योजनांबरोबरच आणखी एक व्यवस्था असते. ती म्हणजे रुग्णालयांशी जोडलेले धर्मादाय न्यास आणि त्यांचे निधी. गरीब रुग्णाचे बिल भरणारी पेटी, एवढीच या निधीची ओळख सर्वसाधारणपणे असते. प्रत्यक्षात त्याची कामे तीन आहेत : रुग्णाला आधार देणे, रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका व अन्य कर्मचाऱ्यांना उभे करणे आणि वैद्यकीय संशोधनाला बळ देणे. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याचे अधिक नुकसान होते, ते यातील दुसरे आणि तिसरे काम मागे पडल्यामुळे.

निधीची परंपरा

ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचारांचा मूळ खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते. तरीही तेथील रुग्णालयांचे धर्मादाय निधी टिकून आहेत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयाला लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये ‘पीटर पॅन’ या आपल्या कलाकृतीचे हक्कच देऊन टाकले. सरकार उपचार देते, तर निधी त्या उपचारांभोवतीच्या गोष्टी पुरवतो, अशी ही विभागणी आहे. दूरवरून आलेल्या पालकांची राहण्याची सोय, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नवी उपकरणे आणि संशोधन यांचा त्यात समावेश होतो.

मुंबईतही ही परंपरा जुनी आहे. परळचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाच्या देणगीतून उभे राहिले. अध्यापकांच्या जागा भारतीयांनाच मिळाव्यात, अशी अट त्या देणगीला जोडलेली होती. वैद्यकीय शिक्षणातील वरिष्ठ पदे प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे असण्याच्या काळात दात्यांनी पैशांबरोबर हा आग्रहही दिला. निधी इमारतीपुरता न राहता माणसे घडवू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. याच रुग्णालयातील ‘पुअर बॉक्स’ निधीतून गरजू रुग्णांना मदत मिळते आणि त्यांची गरज तपासण्याचे काम वैद्यकीय समाजसेवक करतात. परळच्याच टाटा रुग्णालयाचा आरंभही धर्मादायातून झाला. सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. उपचार, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे तेथे एकत्र चालतात.

वेंगुर्ल्याचा वारसा

खुद्द सिंधुदुर्गातही असा प्रयोग झाला होता. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंगुर्ल्यात वैद्यकीय सेवा करीत होते. तेथील सेंट ल्यूक्स रुग्णालय याच मिशनच्या कार्याचा भाग होते. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच झाला. पुढे तो अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात भारतातील अमेरिकेचा राजदूत झाला. त्याच मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला रुग्णालय उभारले आणि त्याला वैद्यकीय व परिचारिका शिक्षणाची जोड दिली.

या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सातासमुद्रापलीकडे जमलेल्या देणग्यांतून किनाऱ्यावरच्या एका लहान गावाला कुटुंबासह मुक्काम करणारा डॉक्टर मिळाला. औषधे आणि खाटा त्यामुळेच उपयोगी पडल्या.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयाकडून मिळणारी सवलत ही कृपा नसून कायद्याने आलेले बंधन आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार, तसेच मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये लागू झालेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवायच्या असतात. निर्धन रुग्णावर मोफत, तर दुर्बल घटकातील रुग्णावर सवलतीच्या दराने उपचार करणे अपेक्षित आहे. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करायची असते.

योजनेच्या प्रारंभी निर्धन रुग्णासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २५ हजार आणि दुर्बल घटकासाठी ५० हजार रुपये होती. ती वेळोवेळी वाढवत पुढे अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये करण्यात आली. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका रुग्णालयातील समाजसेवकाकडे सादर करावी लागते. तातडीच्या प्रसंगी मात्र रुग्णाला आधी दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. त्यासाठी अनामत रक्कम मागता येत नाही. सवलत नाकारली गेल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

मोठी धर्मादाय रुग्णालये प्रामुख्याने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. मात्र रुग्ण कोणत्या जिल्ह्यातील आहे, यावर ही सवलत अवलंबून नाही. म्हणूनच मालवणहून निघण्यापूर्वी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला घेणे हे प्रवासाच्या तिकिटाइतकेच महत्त्वाचे ठरते. दाखल झाल्यानंतर त्या कागदासाठी नातेवाइकाला पुन्हा गावी धाडावे लागले, तर रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात.

बिलात न दिसणारा खर्च

राज्याच्या जीवनदायी योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले. २०२३ मध्ये तिचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून ते राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. यामुळे शस्त्रक्रियेच्या खर्चाचा मोठा भार हलका होतो. तरीही रुग्णाच्या सोबत्याचा प्रवास, मुक्काम, जेवण आणि बुडालेली मजुरी हा खर्च उरतोच. होडीवर वाट्याने काम करणारा मच्छीमार ज्या दिवशी समुद्रात जात नाही, त्या दिवशी त्याला वाटा मिळत नाही. कर्करोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि अशा वेळी अनेक कुटुंबे उपचार अर्धवट सोडण्याच्या टोकाला येतात.

पूर्वी गिरणगावात राहणाऱ्या चाकरमान्यांच्या खोल्या आणि गावकऱ्यांच्या मंडळांनी घेतलेली जागा हाच मालवणी रुग्णांचा मुंबईतील आसरा असे. गिरण्या बंद पडल्या, चाळी गेल्या आणि हा आसराही आटला. त्याची जागा काही प्रमाणात न्यासांनी घेतली आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेली नाना पालकर स्मृती समिती परळला बाहेरगावच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची अल्प दरात सोय करते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आधार देते. उपचार पूर्ण होण्यात अशा एका खाटेचा वाटा औषधाइतकाच असतो.

गोव्याच्या सीमेवर या प्रश्नाला वेगळे परिमाण लाभले. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या रुग्णालयात राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क आकारण्यास सुरुवात केली, तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग परिसरात, तीव्र पडसाद उमटले. शेजारच्या राज्याच्या रुग्णालयावर आपण किती विसंबून आहोत, याची जाणीव जिल्ह्याला त्या वेळी प्रकर्षाने झाली.

डॉक्टर टिकण्यासाठी

जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची वानवा ही जुनी तक्रार आहे. सरकार पद निर्माण करते, पण त्या पदावरील व्यक्तीला गावात राहावेसे वाटेल अशी परिस्थिती केवळ वेतनातून निर्माण होत नाही. राहण्याजोगे घर, मुलांचे शिक्षण, नवे ज्ञान मिळवण्याची संधी, परिचारिकांसाठी प्रशिक्षण आणि रात्रपाळी करणाऱ्यांसाठी विश्रांतीची खोली यांवर खर्च होणारा पैसा दात्यांना फारसा आकर्षक वाटत नाही. रुग्णवाहिकेवर देणगीदाराचे नाव लिहिता येते, प्रशिक्षित परिचारिकेवर लिहिता येत नाही. मात्र ती रुग्णवाहिका ज्या दारात थांबते, तेथे भूलतज्ज्ञ नसेल तर तिला पुढे बांबोळीचीच वाट धरावी लागते.

संशोधन कोणी करायचे?

कोकणातील आजारांचा अभ्यास कोकणातच व्हावा लागतो. लाल विंचवाचा दंश हे याचे उत्तम उदाहरण आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून ग्रामीण रुग्णांच्या उशाशी बसून या विषाचा हृदयावर होणारा परिणाम नोंदवला आणि प्राझोसिन हे औषध त्यावर उपयुक्त असल्याचे दाखवून दिले. पुढे प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे ७० रुग्णांवरील अभ्यासातून त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. या संशोधनाला भव्य प्रयोगशाळेची गरज लागली नाही. रुग्ण जेथे आहे तेथे टिकून राहणारा आणि नोंदी ठेवणारा डॉक्टर मात्र लागला.

न्यासाच्या आधाराने काय घडू शकते, हे शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात दिसते. चिपळूणजवळच्या डेरवण येथे श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज न्यासाच्या वालावलकर रुग्णालयाने उपचारांबरोबर वैद्यकीय शिक्षणही सुरू केले आणि परिसरातील १६ ते १८ वयोगटातील सुमारे दीड हजार मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. किशोरवयातील कुपोषणाचा पुढील आयुष्यातील आजारांशी काय संबंध आहे, हा त्यामागील प्रश्न. रुग्णालय, शिक्षण आणि संशोधन एका छताखाली असले की तिन्ही कामे एकमेकांना आधार देतात.

सिंधुदुर्गालाही अशा अभ्यासाची गरज आहे. माकडताप या नावाने ओळखला जाणारा आणि गोचिडींमार्फत पसरणारा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. अशा आजारात पहिला संशय येतो तो गावातल्या डॉक्टरला. त्याच्याकडे नमुना घेण्याची आणि तो योग्य जागी पोहोचवण्याची सोय आहे की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. त्यासाठी लागणारा निधी मोठा नसतो. तो सातत्याने मिळावा लागतो.

दात्यांपुढील निवड

मुंबई-पुण्यात स्थिरावलेला सिंधुदुर्गकर गावाच्या देवळासाठी, शाळेसाठी आणि आजारी नातलगासाठी सढळ हाताने देतो. ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पडवे येथेही खासगी संस्थेचे रुग्णालय व महाविद्यालय उभे राहिले आहे. तेव्हा एकेका रुग्णाच्या बिलासाठी ऐनवेळी वर्गणी जमवण्याबरोबर जिल्ह्यातील रुग्णालयांसाठी नोंदणीकृत, हिशेब जाहीर करणारा आणि रुग्ण, कर्मचारी व संशोधन या तिन्ही कामांत विभागलेला कायमस्वरूपी निधी असावा, हा विचार पुढे यायला हवा. बिलासाठीची मदत एका रुग्णाला मुंबईहून बरा करून आणते. उरलेल्या दोन कामांवर खर्च झालेला पैसा मात्र पुढच्या रुग्णाचा मुंबईपर्यंतचा प्रवासच वाचवू शकतो.