निर्माते दादासाहेब फाळके

चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या माणसाच्या मनात नट घोळत असतो, एखादे गाणे घोळत असते. फार तर दिग्दर्शकाचे नाव त्याच्या ध्यानात राहते. निर्मात्याची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. जागा मिळविणे, पैसा उभारणे, माणसे जमवून त्यांच्याकडून काम करून घेणे आणि तयार झालेले चित्र गावोगावच्या प्रेक्षकांपर्यंत पोचविणे, अशी चार ओझी निर्मात्याला वाहावी लागतात. त्यांपैकी एक जरी खाली पडले तरी उरलेली तीन व्यर्थ ठरतात. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वजण ओळखतात. परंतु निर्माता या नात्याने त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे त्यांच्या यशापयशाचा उलगडा अधिक चांगला होतो.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा नाना विद्या त्यांनी हस्तगत केल्या. पुराणवस्तुसंशोधन खात्यात त्यांनी नोकरी केली आणि छापखान्याचा धंदाही केला. पण भागीदारांशी न पटल्याने तो सोडला. वयाच्या चाळिशीत, हाती कोणताच उद्योग नसताना, मुंबईतील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ या चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशू पाहताना आपल्या राम-कृष्णांना याच रीतीने लोकांपुढे का आणू नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला आणि तो पुन्हा सुटला नाही.

विचार थोर होता, पण पदरी पैसा नव्हता. रात्रंदिवस प्रयोग व वाचन यांत गुंतल्यामुळे काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. ‘बायस्कोप’ पत्राचे संपादक कॅबर्न यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा कारखाना त्यांनी पाहिला आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. प्रथम त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर फुटून वेल कसा वाढतो याचे थोडे थोडे चित्र रोज टिपले. धनिकाची खात्री पटविण्यास हे इवलेसे चित्र पुरेसे झाले आणि त्यांना कर्ज मिळाले. पडद्यावरील चमत्कार आधी सावकाराला दाखवून मग तो लोकांसाठी करावयाचा, ही निर्मात्याची पहिली युक्ती फाळक्यांना उपजतच अवगत होती.

‘राजा हरिश्चंद्र’ हे चित्र दादरच्या एका बंगल्यात सिद्ध झाले. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने दिले. एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. काळोख्या खोलीत बसून फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक पाहणे ही कामे त्यांनी केली. या चित्राच्या खर्चाच्या हिशोबात त्यांच्या श्रमांची रक्कम कोठेच धरलेली नाही. ती धरली असती तर आकडा बराच वाढला असता. स्त्रीभूमिकेसाठी कोणी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. बाहेरगावी चित्रण करताना तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना ती दरोडेखोरांची टोळीच वाटली, अशी हकीकत सांगतात. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात सुमारे ३,७०० फूट लांबीचे हे चित्र लोकांसमोर आले आणि चांगले चालले.

पुढे हेच चित्र सुरतेस नेले असता पहिल्या खेळाला जेमतेम तीन रुपये जमले, असे सांगतात. तेथील लोकांना त्याच पैशात कित्येक तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. फाळक्यांनी लगेच जाहिरात बदलली. दोन मैल लांबीची सत्तावन्न हजार छायाचित्रे अवघ्या तीन आण्यांत पाहावयास मिळतील, असे त्यांनी जाहीर केले आणि गल्ला भरू लागला. चित्र काढण्याइतकेच ते विकणेही कठीण आहे, हे त्यांना येथे कळले.

मुंबई सोडून त्यांनी नाशकात बिऱ्हाड केले. गोदावरी, डोंगर, मंदिरे आणि मुबलक सूर्यप्रकाश हा त्यांचा तयार देखावाच होता. कलावंत व कारागीर आवारातच राहत, एकत्र जेवत. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या. १९१४ साली ‘सत्यवान सावित्री’ निघाले. तीनही चित्रे घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले, राहण्याविषयी विचारणाही झाली. परंतु आपला धंदा आपल्या देशातच रुजला पाहिजे, या आग्रहाने ते परत आले.

इतक्यात महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म परदेशातून यावयाची, तिचे दर चढले; धनिकांनी हात आखडते घेतले. मिळालेला सर्व नफा पुढच्या चित्रात घालावयाचा ही फाळक्यांची रीत, त्यामुळे शिल्लक अशी नव्हतीच. १९१७ साली ‘लंकादहन’ निघाले. साळुंके यांनीच त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. या चित्राला लोटलेली गर्दी आणि नाण्यांनी भरलेल्या बैलगाड्या यांच्या कथा पुढे अनेक वर्षे सांगितल्या जात. पण एका चित्राच्या यशाने धंद्याला पाया मिळत नाही. म्हणून १९१८ साली वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ चे ‘कालियामर्दन’ ही चित्रे त्याच काळातली. त्यांत कन्या मंदाकिनी हिने बालकृष्ण साकारला.

याच वेळी अमेरिकेत ॲडॉल्फ झुकर नावाचा निर्माता पुढे येत होता. झुकरचे वय फाळक्यांहून तीनच वर्षांनी कमी. हंगेरीतून पोरवयात अमेरिकेस गेलेला हा मनुष्य प्रथम लोकरी कातड्यांचा व्यापार करीत असे. पुढे तो छोट्या चित्रगृहांच्या धंद्यात शिरला. १९१२ साली, म्हणजे फाळके हरिश्चंद्राच्या तयारीत असतानाच, त्याने सारा बर्नहार्ट हिचे ‘क्वीन एलिझाबेथ’ हे फ्रेंच चित्र अमेरिकेत दाखविले आणि ‘फेमस प्लेयर्स’ ही कंपनी काढली. १९१६ साली ती लॅस्कीच्या कंपनीत मिळाली. वितरण करणारी पॅरामाउंट संस्थाही तिच्या ताब्यात आली. आणि १९१९ पासून झुकर चित्रगृहे विकत घेऊ लागला. निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन या तिन्ही किल्ल्या त्याने एका जुडग्यात ओवल्या.

फाळक्यांपाशी यांतली एकच किल्ली होती. कथा, देखावे, चित्रण, धुलाई, जुळणी हे सारे त्यांना स्वतःच्या हातांनी येत होते. झुकरला यांतले बहुधा काहीच येत नव्हते. तरी टिकला झुकर. खर्च किती करावा आणि निर्णय कोणी घ्यावा यावरून फाळक्यांचे भागीदारांशी बिनसले. १९१९ साली कंपनी सोडून ते काशीस गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ साली ते परतले, पण आता ते मालक कमी आणि चाकर अधिक होते.

तथापि झुकरचा मार्ग निर्दोष होता असे मानण्याचे कारण नाही. एक चांगले चित्र हवे तर त्याबरोबर दहा बरीवाईट चित्रे घ्या, अशी सक्ती चित्रगृहांवर होऊ लागली. अखेर १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंटच्या खटल्यात ही पद्धत बेकायदा ठरविली आणि निर्मात्यांना चित्रगृहांपासून अलग व्हावे लागले. बाजार सर्वस्वी हाती असला की मक्तेदारी होते आणि मुळीच हाती नसला की कलावंत बुडतो, अशी ही दुहेरी शिकवण आहे.

बोलपट आल्यावर फाळक्यांची पडती बाजू अधिकच पडली. १९३२ चे ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाले आणि त्यावर मागाहून ध्वनी चढवावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेले ‘गंगावतरण’ हे त्यांचे एकमेव खरेखुरे बोलपट आणि अखेरचे चित्रही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. नव्वदांहून अधिक चित्रपट ज्यांच्या नावावर मोजले जातात, त्या पुरुषाचे शेवटचे दिवस ओढग्रस्तीत गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १९४९ साली, आरे येथे एका निराळ्याच धंद्याचा असाच प्रश्न सोडविण्यास आरंभ झाला. मुंबई शहरातील कोंदट गोठ्यांतून म्हशी बाहेर काढून त्यांना मोकळ्या टेकड्यांवर नेण्याची योजना दारा खुरोडी यांनी पुढे नेली. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. गोठा, पाणी व चारा सरकारने पुरवावा, मालकाने भाडे द्यावे, म्हशी त्याच्याच राहाव्यात. मात्र दूध एकत्र करून बाटल्यांतून शहरातील केंद्रांवर विकण्याची जबाबदारी योजनेची, असा हा बेत होता. उत्पादकाची मालकी राहिली आणि त्याला बाजारही मिळाला.

त्याच टेकड्यांच्या कडेला १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली. मालाडात हिमांशु राय यांनी १९३४ साली काढलेली ‘बॉम्बे टॉकीज’ आणि त्यातून फुटून १९४३ साली गोरेगावात निघालेली ‘फिल्मिस्तान’ यांनी हा उपनगरी परिसर चित्रपटाला आधीच परिचित करून ठेवला होता. बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी यांनाच १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २००१ साली चित्रनगरीलाही फाळक्यांचे नाव देण्यात आले. तेथे निर्मात्याला स्टुडिओ, मोकळी जागा, रस्ते व देखावे भाड्याने मिळतात. दादरच्या बंगल्यात आणि नाशिकच्या आवारात जे फाळक्यांना स्वतः उभारावे लागले, ते निदान आयते हाती येते.

गोठ्याची सोय झाली, पण दूधकेंद्राची झाली नाही, असे चित्रनगरीविषयी म्हणता येईल. लहान निर्मात्याचे चित्र तयार झाल्यावर ते कोणत्या चित्रगृहात, कोणत्या वेळी आणि किती दिवस चालेल, हे ठरविणारे हात आजही त्याचे नसतात. मराठी चित्रपटाला महाराष्ट्रातील पडदे मिळावेत म्हणून वेळोवेळी जी झगडाझगड होते, तिचे मूळ येथेच आहे. सुरतेच्या तीन रुपयांच्या गल्ल्यावर फाळक्यांनी स्वतः तोड काढली. परंतु प्रत्येक निर्मात्याला तसली तोड स्वतःच शोधावी लागणे, ही काही व्यवस्था नव्हे. फाळक्यांचे नाव कमानीवर लिहून त्यांचा मान राखला गेला हे उचितच आहे. त्यांचा अनुभव ध्यानात घेऊन चौथे ओझेही हलके करणे, हे कार्य अद्याप उरले आहे.