दौंडचं वळण आणि गोल तिकीट

आजचा एपिसोड सुरू होतो युरोपात, पण दोनच मिनिटांत आपण दौंडला उतरणार आहोत.

युरोप फिरायचं स्वप्न बघणाऱ्यांनी ‘युरेल पास’ हे नाव ऐकलेलं असतंच. एक पास, अनेक देश, वाटेल त्या शहरात उतरा. १९५९ साली युरोपाबाहेरच्या पर्यटकांसाठी तो निघाला. आपल्याला वाटतं, असलं काही आपल्याकडे कुठलं? तर आहे. सर्क्युलर जर्नी तिकीट. जिथून निघालात तिथेच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. रेल्वेचं भाडं लांबच्या प्रवासाला किलोमीटरमागे कमी होत जातं, म्हणून सुट्या सुट्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं.

आता फोनवर नकाशा उघडा. दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर, बल्लारशाह, सिकंदराबाद, सोलापूर, परत दौंड. झालं की नाही वर्तुळ? पण हे वर्तुळ जोडायला सत्तर वर्षं लागली.

पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंत रुळ आले १८५८ च्या अखेरीस. त्या वेळी दौंडहून मुंबईला सलग गाडी नव्हती, कारण बोरघाट तयार व्हायचा होता. खंडाळ्याला उतरायचं, पालखीतून, तट्टावर नाहीतर बैलगाडीने घाट उतरून खोपोली गाठायची, तिथे पुढची गाडी. ‘कनेक्टिंग ट्रेन’ची ही आपल्याकडची पहिली आवृत्ती! १८६३ मध्ये घाट सुरू झाला आणि हा त्रास संपला.

दुसरा त्रास मात्र राहिला. जीआयपी रेल्वे कल्याणला दोन फाट्यांत फुटायची. एक बोरघाटातून सोलापूरकडे, दुसरा थळघाटातून मनमाड, भुसावळ, नागपूरकडे. सोलापूरच्या माणसाला मनमाडला जायचं तर एक घाट उतरून कल्याण, मग दुसरा घाट चढून वर. मालाचंही तेच.

यावर उपाय म्हणून दौंड-मनमाड मार्ग बांधला गेला आणि १८७८ साली सुरू झाला. दोन्ही घाट टळले. पण ही साल नीट बघा. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. या मार्गाच्या मातीकामावर राबली ती दुष्काळाने गाव सोडलेली माणसं. १८७७ मध्ये सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी कापली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. नगरला जाताना खिडकीतून जो भराव दिसतो ना, तो अशा हातांनी घातलेला आहे.

आणि त्या मार्गाचं वळण! सोलापूरहून आलेली गाडी दौंडला थांबून सरळ पुढे मनमाडकडे निघते. पुण्याहून आलेल्या गाडीला मात्र दौंडला इंजिन काढून मागच्या बाजूला लावावं लागायचं. झेलम एक्स्प्रेसने गेलेल्यांना ती वाट बघणं आठवत असेल. माझं मत विचाराल तर ते वळणच सगळं सांगतं. डोळ्यांपुढे दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी वाहतूक होती. पुणे-नगर प्रवासी नव्हता.

याचा फटका कुणाला? शिरूरला. घोडनदीकाठचं हे गाव इंग्रजांची छावणी होतं. १८१८ च्या पहिल्याच दिवशी कोरेगावला लढलेली तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. पुणे-नगर रस्त्यावरचं एवढं महत्त्वाचं ठाणं, पण रेल्वे नगरला गेली दौंडला वळसा घालून, आणि शिरूरला स्टेशन आजतागायत नाही.

पुढे काझीपेट-बल्लारशाह दुवा १९२९ च्या सुमारास पुरा झाला आणि आपलं वर्तुळ जुळलं.

आता बुकिंगचं. हे तिकीट ॲपवर मिळत नाही. मार्ग कागदावर लिहून स्टेशनवर द्या. मार्ग ठरीव यादीतला नसेल तर विभागाच्या वाणिज्य कार्यालयातून मंजुरी लागते. तिकीट हातात आलं म्हणजे बर्थ मिळाला असं नाही, प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. (युरेलवालेही इथेच फसतात. फ्रान्सच्या टीजीव्हीत पास असूनही सीटचे पैसे वेगळे.)

आणखी एक. पुणे-मनमाडच्या बऱ्याच गाड्या आता दौंड जंक्शनात न येता बाहेरूनच कॉर्ड लाइनने जातात, इंजिन फिरवायची भानगड नको म्हणून. तिथे ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचं वेगळं स्टेशन आहे. तिकिटावर कुठलं नाव आहे ते बघूनच रिक्षा करा.

आणि शिरूरकर असाल तर पहिला टप्पा एसटीचा. तो या तिकिटात बसत नाही.