मराकेशच्या मातीवर दोन चाकं

खजुरांच्या बनातून जाणारी ही वाट शहराच्या उत्तरेला आहे. सकाळची वेळ आहे, हवेत गारवा आहे आणि तुमच्या सायकलची चाकं मऊ तांबूस धुळीत किंचित रुतत चालली आहेत. दक्षिणेला अॅटलास पर्वताची रांग, माथ्यावर बर्फ. मधला सगळा मुलूख सपाट. मराकेशला चढ नाहीत, म्हणून हे सायकलींचं गाव आहे. शाळेला निघालेली पोरं, कॅरिअरवर पुदिन्याच्या जुड्या बांधलेला म्हातारा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने पावांची फळी सांभाळणारा मुलगा तुम्हाला मागे टाकून जातात. त्यांना जाऊ द्या.

वाटेच्या कडेला मातीचे गोल उंचवटे एका सरळ रेषेत डोंगराकडे गेलेले दिसतील, कोणी दोरी धरून वारुळं उभी करावीत तसे. प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध खोल भोक आहे. ही भोकं पाणी शेंदायला पाडलेली नाहीत. जमिनीखालून एक बोगदा जातो, त्याची माती वर काढायला आणि गाळ उपसणाऱ्या माणसाला खाली उतरायला ती आहेत. डोंगराच्या पायथ्याचं भूजल या बोगद्यातून अगदी हलक्या उताराने आपल्या आपण शहरापर्यंत यायचं. इथे या बोगद्यांना खेत्तारा म्हणतात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला उबैदुल्लाह इब्न युनूस नावाच्या जाणकाराने ही विद्या मराकेशला दिली, असं भूगोलकार अल-इद्रिसीने लिहून ठेवलं आहे. आज बहुतेक खेत्तारा कोरड्या आहेत. पंपांनी पाणी फार खाली नेलं. पण तुम्ही आता निघाला आहात त्या काळात त्या वाहत आहेत.

इस्सिल नदीचं कोरडं पात्र ओलांडलं की समोर तट आणि त्यात बाब देब्बाग, चांभारपुऱ्याचा दरवाजा. या शहराचे जुने दरवाजे सरळ आत नेत नाहीत. आत शिरलं की वळण, मग अंधार, मग पुन्हा वळण. शत्रूच्या घोडेस्वारांना वेगाने घुसता येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती. बाब देब्बागची वाट तर सर्वांत जास्त फिरवणारी. सायकलवरून उतरा, ती हाताने ढकलत चला. पहिल्या वळणावर मागच्या मोपेडींचा आवाज विरतो. दुसऱ्या वळणावर डिझेलचा वास जातो. पुढे कच्च्या कातड्याचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा उग्र दर्प नाकात शिरतो. तो कातडं मऊ करायच्या कुंडांचा, आणि तो आजही तसाच आहे. शेवटच्या वळणावरून उजेडात याल तेव्हा साल ११२६ असेल.

तट अजून पुरा झालेला नाही. दोन लाकडी फळ्या तटाच्या जाडीइतक्या अंतरावर उभ्या करून दोरांनी आवळल्या आहेत. त्यांच्यामधल्या पोकळीत माणसं टोपल्यांनी माती ओतताहेत. माती इथलीच, जिथे तट उभा राहतो आहे तिथलीच. तीत चुना आणि बारीक खडे मिसळलेले आहेत, आणि पाणी फक्त मुठीत दाबली की गोळा व्हावा इतकं. फळ्यांवर चढलेले गडी लाकडी धुमस उचलतात आणि आपटतात, सगळे एका तालात. एक थर बसला की त्यावर दुसरा. मग फळ्या सोडून पुढे सरकवायच्या आणि पुन्हा आवळायच्या. कोणीतरी तुमच्या हातात धुमस देतो. दहा-पंधरा ठोके घाला. आधी आवाज भुसभुशीत येतो, मग हळूहळू घट्ट होत जातो, आणि तो पुरेसा घट्ट झाला हे तुमच्या आधी शेजारच्या गड्याला कळतं. तो मान हलवतो, थांबवतो. फळ्या काढल्यावर आडव्या वाशांची भोकं तटात तशीच राहतात. पुढची नऊशे वर्षं पाकोळ्या त्यांत घरटी करणार आहेत.

या शहराला त्याआधी तट नव्हता. १०७० च्या सुमारास सहारातून आलेल्या मुराबितांनी इथे तळ टाकला. त्यांचा सरदार यूसुफ इब्न ताश्फीन पहिल्या मशिदीच्या वेळी मजुरांबरोबर स्वतः चिखल कालवत होता, असं जुन्या बखरी सांगतात. त्याचा मुलगा अली इब्न यूसुफ आज गादीवर आहे आणि तो धास्तावलेला आहे. डोंगरात इब्न तूमर्त नावाच्या धर्मसुधारकाने मुवह्हिदांचं बंड उभारलं आहे. तट बांधा, असा सल्ला अलीला दिला कॉर्डोबाच्या काजीने. त्या काजीचं नाव इब्न रुश्द. ते लक्षात ठेवा. सुमारे नऊ किलोमीटरच्या या तटाला ७०,००० सोन्याचे दिनार लागले, असा आकडा बखरींत येतो. ११३० मध्ये तट मुवह्हिदांना थोपवेल. ११४७ मध्ये ते आत येतील आणि मुराबितांचं राज्य संपेल.

आता पश्चिमेकडे चला. गल्ल्या ओझं लादलेल्या गाढवापुरत्या रुंद आहेत, म्हणजे सायकलला अगदी मापाच्या. 'बालाक! बालाक!' अशी आरोळी मागून आली की भिंतीला चिकटा, जनावराला आधी जाऊ द्या. मोठ्या मशिदीपाशी एक छोटा घुमट आहे. नमाजाआधी हातपाय धुवायची ही जागा. बाहेरून साधी. आत मान वर करा: घुमटाच्या पोटात पानं, शंख, एकात एक गुंफलेल्या कमानी, इंचभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. खाली हौदात जे पाणी खळखळतं आहे ते तुम्ही सकाळी पाहिलेल्या त्या उंचवट्यांखालून आलेलं आहे. मला विचाराल तर मुराबितांचं सारं वैभव या पाणपोईएवढ्या जागेत मावतं. तट सोडला तर मराकेशमधलं त्यांचं दुसरं जवळपास काही शिल्लक राहिलं नाही. हा घुमटसुद्धा राहिला तो नंतरच्या बांधकामांखाली गाडला गेला म्हणून. १९४८ मध्ये उत्खनन सुरू झालं तेव्हा तो पुन्हा उजेडात आला, आजच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा कितीतरी खाली.

उत्तरेला बाब तागझूत. या दरवाजातून बाहेर पडा. साल ११९९.

बाहेर कबरस्तान आहे. एक जनावर उभं आहे आणि त्याच्यावर ओझं चढवणं चाललं आहे. एका बाजूला शवपेटी. दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला पुस्तकांचा गठ्ठा. पेटीत त्या काजीचा नातू आहे, त्याच नावाचा इब्न रुश्द. ॲरिस्टॉटलवर त्याने लिहिलेल्या टीका पुढे लॅटिनमध्ये जाऊन युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतकं वाचल्या जाणार आहेत. चार वर्षांपूर्वी इथे आता राज्य करणाऱ्या मुवह्हिदांनीच त्याला हद्दपार केलं होतं, त्याची पुस्तकं जाळली होती. मग राग निवळला, त्याला मराकेशला परत बोलावलं, आणि इथे डिसेंबर ११९८ मध्ये तो वारला. तीन महिने तो या मातीत होता. आता त्याला कॉर्डोबाला, त्याच्या घराण्याच्या कबरस्तानात नेत आहेत. जवळ उभा असलेला तरुण सूफी इब्न अरबी हे सगळं पाहतो आहे आणि पुढे लिहून ठेवणार आहे. एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला त्याची पुस्तकं. आजोबांच्या सल्ल्याने उभ्या राहिलेल्या तटाशेजारून नातवाचं जनावर उत्तरेला निघतं. ते दिसेनासं होईपर्यंत पायडलवर पाय ठेवू नका.

मग तट डाव्या हाताला ठेवून वळसा घाला. पश्चिमेला आलात की तटावरून कुतुबिया मशिदीचा मिनार दिसेल, ७७ मीटर उंच, अगदी नवा. पायथ्याशी पुस्तकवाल्यांची दुकानं आहेत, नावही त्यांच्यावरूनच पडलं. वर जायला आत पायऱ्या नाहीत, उतार आहे. मुअज्जिनाला स्वार होऊन वर जाता यावं इतका रुंद. चाकांच्या माणसाला तो उतार पाहायची ओढ लागणारच, पण मशिदीत मुसलमानांखेरीज कोणाला प्रवेश नाही. तेव्हा बाहेरूनच पुढे चला.

दक्षिणेला बाब अर-रब्ब आणि त्याला लागून कसब्याचा, म्हणजे शाही किल्ल्याचा, बाब अग्नाऊ. मातीच्या या शहरात ही एक कमान निळसर दगडाची आहे, कडेने कुराणातल्या आयती कोरलेल्या. हे दोन दरवाजे मिळून तुम्हाला जवळजवळ चारशे वर्षं पुढे नेतात. साल १५९३.

इथे थोडा वेळ थांबा. गोव्याच्या माणसाने तर थांबावंच.

समोर अल-बदी राजवाडा आहे, सुलतान अहमद अल-मन्सूरचा. दीडशे पावलं लांबीचं अंगण, मधोमध नव्वद मीटरचा तलाव, दोन्हीकडे जमिनीच्या पातळीखाली उतरवलेल्या बागा, जेणेकरून चालताना संत्र्याची फुलं तुमच्या पायांशी यावीत. इटलीचे संगमरवरी खांब. ते साखरेच्या बदल्यात आणले, दगडाच्या वजनाइतकी साखर देऊन. साखर मराकेशच्या पश्चिमेच्या आणि सूसच्या उसाची. छताला सोन्याचा वर्ख. सोन्याचा ओघ आता आणखी वाढला आहे, कारण दोनच वर्षांपूर्वी सुलतानाच्या फौजेने सहारा ओलांडून तोंदिबीला सोंघाईचं राज्य मोडलं.

पण पाया घातला गेला तो एका लढाईच्या पैशावर. ४ ऑगस्ट १५७८ ला उत्तरेत अल-कसर अल-कबीरजवळ पोर्तुगालचा चोवीस वर्षांचा राजा सेबास्तियांव फौजेसह चालून आला. एका दिवसात तीन राजे मेले: तो, त्याच्या आश्रयाला गेलेला पदच्युत सुलतान, आणि लढाई जिंकणारा सुलतान अब्द अल-मलिक, जो आजारी होता आणि लढाई चालू असतानाच वारला. अहमद हा त्याचा भाऊ. त्याच्या हाती गादी आली आणि पोर्तुगालचे कैद झालेले सरदार आले. त्यांच्या खंडणीतून हे खांब उभे राहिले.

सेबास्तियांवला मूल नव्हतं. म्हातारा कार्डिनल एन्रिक दीड वर्ष गादीवर बसला, तो गेला, आणि १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या फिलिपकडे गेला. मुकुटाबरोबर गोवाही गेला. १६४० पर्यंत, साठ वर्षं, मांडवीच्या काठी जे व्हाइसरॉय उतरले ते स्पेनच्या हॅब्सबर्ग राजांच्या नावाने. स्पेनशी डचांचं वैर होतं. ते आता पोर्तुगालच्याही माथी आलं, आणि डच जहाजं गोव्याच्या मुखाशी नाकेबंदीला उभी राहू लागली. गोव्यात काही वर्षं राहिलेल्या कामोंइश या कवीने १५७२ मध्ये आपलं महाकाव्य याच तरुण राजाला अर्पण केलं होतं. ज्या वर्षी पोर्तुगालचं स्वातंत्र्य गेलं त्याच वर्षी तोही गेला. गोव्याच्या इतिहासाची पुस्तकं या लढाईवरून एका ओळीत पुढे जातात. ती ओळ या अंगणात उभं राहून वाचावी.

इफ्रानी नावाचा इतिहासकार एक गोष्ट सांगतो. राजवाडा पुरा झाल्यावर सुलतानाने मेजवानी दिली आणि एका विदूषकाला विचारलं, कसा वाटतो? तो म्हणाला, पाडाल तेव्हा मातीचा ढीग मोठा होईल. शंभरेक वर्षांनी मौलाय इस्माईलने खरोखरच तो उसकटला. संगमरवर, वर्ख, लाकूड, जे जे उचलता येईल ते मेकनेसला गेलं. आज त्या अंगणात उभ्या आहेत धुमसलेल्या मातीच्या भिंती, आणि त्यांच्या माथ्यांवर करकोच्यांची घरटी. विकत आणलेलं सगळं गेलं. पायाखालून काढलेलं राहिलं.

बाब अग्नाऊतून परत फिरा. १९१२, सप्टेंबर. सिदी बू उस्मानची लढाई जिंकून फ्रेंच पलटण आली आहे. पुढे फ्रेंच तटाबाहेर गेलीझ ही आपली वस्ती वसवतील, रुंद रस्त्यांची. जुन्या शहराला हात लावणार नाहीत. त्यामुळे तट वाचला, आणि तटाआतली माणसं बाजूला राहिली. दोन्ही खरं आहे.

बाब अर-रब्बची वळणं पार केली की मोपेडी, हॉर्न, आजचा दिवस. तटावर परांच्या आहेत. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने तट जागोजागी फाटला. जामा अल-फनाच्या चौकातल्या खरबूश मशिदीचा मिनार कोसळला, अल-बदीशेजारच्या मेल्लाहमध्ये, जुन्या ज्यू वस्तीत, घरं पडली. पण खरा घाव डोंगरात बसला. जवळजवळ तीन हजार माणसं गेली, निम्म्याहून जास्त अल-हौझ प्रांतातली. मुवह्हिदांचं मूळ ठाणं असलेल्या तिनमेलची बाराव्या शतकातली मशीदही ढासळली.

त्यानंतर मातीला दोष देणं सुरू झालं. मला ते अर्धंच पटतं. मातीची भिंत दर काही वर्षांनी माणसाचा हात मागते. तो मिळाला नाही की पावसाने ती आतून पोकळ होते. वरून सिमेंटचा गिलावा फासला तर ओल बाहेर पडू शकत नाही, आणि भिंत आतल्या आत कुजते. तटावर काम करणारे गवंडी हे जाणतात, म्हणून ते चुना आणि मातीच वापरतात. डोंगरातल्या घरांना मातीबरोबर कोपऱ्यांना बांधून धरणारं लाकूड हवं, आणि ते बसवू शकणारे कारागीर हवेत. तिथे आज प्रत्येक कुटुंबापुढे हाच निर्णय आहे: माती की सिमेंटचे ठोकळे. ठोकळे लवकर मिळतात, सरकारी कागदावर सहज बसतात. उन्हाळ्यात त्या खोल्या भाजतात आणि हिवाळ्यात गोठतात.

बाब अर-रब्बपासून दक्षिणेला निघणारा रस्ता तहन्नाऊतवरून अस्नीला जातो, जवळजवळ पन्नास किलोमीटर. तहन्नाऊतनंतर चढ लागतो, पहिल्यांदाच गिअर खाली आणावा लागेल. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, टायरमधली हवा बघा, आणि ऊन तापायच्या आत निघा.